नाव घेणं

आषाढातली सकाळ होती. बाहेर अंधार करून आला होता, आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, कानात इयरफोन घालून एक सिनेमा दुसऱ्यांदा बघत बसले होते. मावशी फरशी पुसत होत्या. टेबलाखाली फडकं फिरवायचं म्हणून मी पाय वर घेतले, त्या खाली बसल्या, आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. वाकून पाहिलं तर गुडघ्यावर हात टेकून त्या पडद्याकडे बघत होत्या. आवाज मला एकटीला येत होता. त्यांना दिसत होतं ते नुसतं चित्र: उंच इमारतीतलं मोठं घर, एक तरुण मालक, आणि त्याला काहीतरी विचारायला येऊन उभी राहिलेली साडीतली बाई. अर्धा-पाऊण मिनिट त्यांनी बघितलं असेल. मग म्हणाल्या, "ही खरीच कामवाली आहे का हो ताई?" मी एका कानातला इयरफोन काढला. म्हटलं, नाही हो, नटी आहे, बंगाली आहे, नावाजलेली आहे. त्यांनी फडकं बादलीत बुचकळून पिळलं आणि उठता उठता म्हणाल्या, "मग तिनं कुणाला तरी नीट बघितलेलं आहे. मालक समोर आले की हात कुठं ठेवायचे ते ठाऊक आहे तिला."

आणि बादली उचलून आतल्या खोलीत गेल्या.

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. सिनेमा रोहेना गेरा यांचा 'सर'. त्याच्याबद्दल मी तोवर बरंच वाचलं होतं. 2018 मध्ये फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात तो दाखवला गेला, तिथं त्याला पुरस्कार मिळाला, मावशींनी बघितलेल्या त्या नटीला, तिलोत्तमा शोमला, नंतर फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला, पटकथेसाठी गेरांना मिळाला. अभिनयाबद्दल 'संयत', 'तरल', 'अबोल' असे सगळे शब्द वाचून झाले होते, मीही ते दोन-चार ठिकाणी वापरले होते. पण हात कुठं ठेवायचे, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नव्हतं. आणि मावशींच्या वाक्यात आणखी एक गोष्ट होती, ती मला जास्त लागली. कुणाला तरी नीट बघितलेलं आहे. चार वर्षं त्या रोज सकाळी माझ्या घरी येतात. त्यांचे हात कुठं असतात, हे मला कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

त्या रात्री मी तो सिनेमा पुन्हा लावला, आणि या खेपेला फक्त हातांकडे बघितलं. रत्ना, म्हणजे ती साडीतली बाई, मालकाच्या, अश्विनच्या समोर उभी असते तेव्हा तिचे हात रिकामे असले तर ते तिला अडचण होऊन बसतात. ट्रे असला, ग्लास असला, की ती मोकळी असते, कारण मग तिथं असण्याचं कारण तिच्या हातात असतं. जेवायला वाढू का विचारायला येते तेव्हा ती दारातून जेवढं लागतं तेवढंच आत येते आणि उत्तर ऐकायच्या आधीच तिचं अर्धं अंग परत निघालेलं असतं. हीच बाई शेजारच्या घरात काम करणाऱ्या लक्ष्मीबरोबर असते तेव्हा तिचे हात सुटतात. ती बोटं नाचवून बोलते, हसते, तिचा आवाज खालून, पोटातून येतो. मराठी बोलायला लागली की तिचा चेहरासुद्धा रुंद होतो असं मला वाटलं. तिलोत्तमाचं मराठी मी कान टवकारून ऐकलं. एखाद्या शब्दावर सूर परका लागतो. पण बहिणीवर ती ज्या हक्कानं चिडते, तो हक्क आपल्याकडच्या थोरल्या बहिणीचाच आहे.

तिलोत्तमा शोमची पहिली मोठी भूमिकाही घरकाम करणाऱ्या मुलीचीच होती. 2001 सालच्या 'मान्सून वेडिंग'मधली ॲलिस. लग्नघरातली ही गडबडलेली, लाजरी मुलगी एकदा नवरीचे दागिने अंगावर घालून आरशात स्वतःला बघत असते, आणि खिडकीतून तिला बघणाऱ्या मंडपवाल्यांच्या माणसांना वाटतं, ही चोरी करतेय. तो प्रसंग मला तेव्हा फार आवडला होता. आता रत्ना बघताना तो पुन्हा आठवला, कारण 'सर'मध्येही एक आरशासारखा प्रसंग आहे: रत्ना कपड्यांच्या एका महागड्या दुकानात शिरते, तिला ते कपडे बघायचे असतात, शिवण बघायची असते, आणि तिथून तिला बाहेर काढतात. मधे सतरा वर्षं गेली. ॲलिसला ते दागिने अंगावर घालून बघायचे होते. रत्नाला ते कपडे कसे बेतलेत ते समजून घ्यायचंय, कारण तिला तसे शिवायचेत. एकाच नटीच्या दोन भूमिकांमधला हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि इथंच या सिनेमातल्या माणसांची आखणी किती विचारानं केलीय ते कळतं. मालक आणि कामवाली यांच्या प्रेमाची गोष्ट म्हटली की आपल्या मनात एक साचा तयार असतो. तिच्याकडे सोसणं असतं आणि त्याच्याकडे मन मोठं असणं असतं. गेरांनी हे उलटं ठेवलंय. अश्विन हा या गोष्टीतला थांबलेला माणूस आहे. भाऊ गेला म्हणून अमेरिकेतलं लिहिणं सोडून परत आलेला, वडिलांच्या बांधकामाच्या धंद्यात मन नसताना उभा असलेला, ठरलेलं लग्न मोडलेलं. रत्ना एकोणीस वर्षांची असताना विधवा झालीय, गावात तिच्या नावापुढे पूर्णविराम पडलेला आहे, आणि तरीही सबंध सिनेमात पुढं पाऊल टाकणारी तीच आहे. तिला फॅशन डिझायनर व्हायचंय. हा इंग्रजी शब्द ती जेव्हा उच्चारते तेव्हा त्यात जराही संकोच नसतो. दुपारचे दोन तास मोकळे मागून घेते, शिंप्याकडे शिकायला जाते, तिथं शिकवण्याऐवजी वरकाम सांगतात तर दुसरी वाट शोधते. धाकट्या बहिणीचं शिक्षण करते. उदास बसलेल्या मालकाला आपली कर्मकथा सांगते तीही कीव यावी म्हणून सांगत नाही. माझं असं झालं तरी मी इथवर आले, मग तुमचं का थांबावं, असा सरळ हिशेब ती मांडते. समोरच्या माणसाला धीर द्यायचा आणि मर्यादाही सांभाळायची, हे दोन्ही त्या एका प्रसंगात तिलोत्तमाच्या आवाजात ऐकू येतं.

बांगड्यांचा प्रसंग अगदी सुरुवातीला आहे. गावाहून मुंबईला परत येताना रत्ना वाटेत हातात बांगड्या भरते. कुणी काही बोलत नाही, खुलासा नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला खुलासा लागणारही नाही. माझ्या एका लांबच्या आत्याचे मोकळे हात मला लहानपणापासून आठवतात, पापड लाटताना ते हात सगळ्यांच्या हातांपेक्षा वेगळे दिसायचे, कारण त्यांचा आवाज येत नसे. इतर बायकांचं लाटणं किणकिणायचं. आत्याचं लाटणं नुसतं पोळपाटावर फिरायचं. रत्ना त्या प्रवासात बांगड्या चढवते तेव्हा मला आधी तो आवाज ऐकू आला आणि मग लक्षात आलं की ज्या शहराला आपण निष्ठुर, निष्ठुर म्हणतो, त्या शहरानं या बाईला एवढी एक गोष्ट दिलेली आहे.

घराची मांडणी हीसुद्धा या सिनेमातली एक व्यक्तिरेखाच आहे. स्वयंपाकघराला लागून रत्नाची खोली, जेमतेम अंथरूण पसरेल एवढी. पलीकडे अश्विनचं सगळं घर. छायालेखक दोमिनिक कोलँ यांचा कॅमेरा एकदा आडवा सरकत भिंतीतून पार होतो: अलीकडे ती, पलीकडे तो, दोघंही जागे, मधे सहा इंच वीट. मला तो क्षण बघताना छातीत काहीतरी हललं. भिंत आपल्याला कापलेली दिसते, केकसारखी, आणि त्या दोघांना ती अख्खी असते. रत्ना स्वयंपाकघरात खाली बसून हातानं जेवते, तो टेबलावर. एकाच ओट्यावर शिजलेलं अन्न. यात कुणी कुणाचा अपमान करत नसतो. अश्विन सुरुवातीपासून तिच्याशी नीट बोलतो, 'थँक यू' म्हणतो. म्हणून तर ते जास्त अंगावर येतं.

आमच्या सोसायटीतही लिफ्ट दोन आहेत. एकीवर पाटी होती, कुणाकुणासाठी कोणती ते सांगणारी. पाटी पुढं निघाली, पण मावशी अजून दुसऱ्या लिफ्टनंच येतात. हा सिनेमा आपल्याकडे मार्च 2020 मध्ये लागायचा होता. त्याच आठवड्यांत सगळ्या सोसायट्यांची दारं घरकाम करणाऱ्या बायकांना बंद झाली, आणि सिनेमा लागला तो 13 नोव्हेंबरला. त्या महिन्यांमध्ये आम्ही बायका एकमेकींना फोनवर भांड्यांच्या गोष्टी सांगत होतो, पाठ दुखते म्हणत होतो. गेटबाहेरच्या बायका काय करत असतील हा विषय निघायचा, नाही असं नाही, पण तो लवकर संपायचा.

अश्विनचं काम विवेक गोम्बर यानं केलंय. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये तो बचाव पक्षाचा वकील होता, आणि त्याच्या समोर सरकारी वकील होत्या गीतांजली कुलकर्णी. त्याच गीतांजली इथं लक्ष्मी आहेत. तिथं त्यांनी कलमांवर कलमं एकाच सपाट सुरात वाचली होती. इथं दुसऱ्याचं मूल सांभाळणारी बाई त्या काही मिनिटांत उभी करतात. मूल आवडतं, त्याचा रागही येतो, त्याच्या आईपुढं मान खाली घालावी लागते, आणि रत्नासमोर हे सगळं हसून उडवून द्यायचं असतं. त्यांचं हसणं जरा लवकर सुरू होतं आणि जरा जास्त वेळ चालतं. तेवढ्यात सगळं कळतं. गोम्बरचं काम मात्र मला पहिल्यांदा फिकं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. तो आवाज चढवत नाही, देखणेपणा वापरत नाही, रत्नाकडे बघताना प्रेमिकासारखा बघत नाही. हळूहळू त्याला एक माणूस दिसायला लागतं, आणि दिसल्यावर त्याचं त्यालाच अवघड होतं. तिला तो शिवणयंत्र आणून देतो. वाढदिवसाला ती त्याला स्वतः शिवलेला शर्ट देते आणि तो शर्ट घालून तो कामावर जातो. शर्ट शिवणारीनं माप कधी घेतलं असेल? घेतलंच नसेल. रोज इस्त्री करणाऱ्या हातांना खांदा, गळा, बाही सगळं पाठ असतं.

पटकथेतली एक गोष्ट मला खटकली तीही सांगते. शेवटाकडे रत्नाला जे काम मिळतं ते अश्विनच्या ओळखीतून. इतका वेळ स्वतःच्या पायांनी चालणाऱ्या बाईला शेवटचं दार त्याच्या शब्दावर उघडावं, हे मला थोडं सोयीचं वाटलं. मग वाटतं, आपल्यातल्या कुणाला ओळखीशिवाय काम मिळालं? माझी पहिली नोकरी मामांच्या चिठ्ठीवर मिळाली होती. रत्नाला चिठ्ठी देणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक. तरी खटकायचं ते खटकतंच.

पण मला बोलायचंय ते 'सर' या शब्दाबद्दल.

अश्विनला रत्ना सबंध सिनेमाभर 'सर' म्हणते. तो शब्द किती तऱ्हांनी येतो! कामाचा 'सर', परवानगी मागणारा 'सर', थांबवणारा 'सर', आणि एकदा तर नुसती भिंत असलेला 'सर', जो ती स्वतःच्या रक्षणासाठी मधे उभा करते. लोकांचं मला काही वाटत नाही, असं अश्विन म्हणू शकतो, कारण लोक हसतील ते तिला. हे तिला पहिल्यापासून माहीत असतं, त्याला मित्रानं सांगावं लागतं. म्हणून ती त्या शब्दाला धरून राहते. तिलोत्तमानं या एका शब्दावर जे काम केलंय ते मी तीनदा ऐकल्यावर मला थोडंफार उमगलं. एखादी गायिका एकाच सुरावर किती वेळ थांबू शकते, तसं ते आहे.

आमच्या घरी आजीनं आजोबांचं नाव कधी उच्चारलं नाही. मतदार यादीवाला माणूस आला तर ती आम्हां मुलांना पुढं करायची. 'अहो', 'इकडून', 'तुमचे आजोबा' अशा वाटांनी ती साठ वर्षं त्या नावाला वळसा घालून गेली. पण हळदीकुंकवाला, बारशाला, मंगळागौरीला बायका तिच्या मागं लागत, "नाव घ्या, नाव घ्या," आणि ती पदर सारखा करून, नजर खाली ठेवून, एका दमात उखाणा म्हणायची. शेवटी ते नाव यायचं, सगळ्या हसायच्या, आणि आजीचे कान लाल व्हायचे. वर्षातून तीन-चारदा, तेही यमकाच्या आडोशानं, तेवढीच त्या नावाची आणि तिची भेट. आजोबा गेले त्यानंतरच्या संक्रांतीला ती आतल्या खोलीत वाती वळत बसली होती. बाहेर उखाणे चालले होते. तिला कुणी हाक मारली नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि मला वाटलं, आजीला बरं वाटत नसेल.

मराठीत 'नाव घेणं' याचा अर्थ किती विशिष्ट आहे. रत्ना ही आपल्याकडच्या कुठल्याशा गावातली मुलगी, एकोणिसाव्या वर्षानंतर तिला कुणी नाव घे म्हटलं नसणार, म्हणणारही नाही. सिनेमाच्या शेवटी ती अश्विनच्या घरी जाते, घराला कुलूप असतं. ती इमारतीच्या गच्चीवर जाते. वारा असतो, खाली ते शहर. फोन वाजतो. तो तिचं नाव घेतो. ती थोडी थांबते, आणि पहिल्यांदा, 'सर' न म्हणता, म्हणते: "अश्विन." आणि सिनेमा संपतो. पुढं काय झालं, ते भेटले का, जग काय म्हणालं, काहीही नाही. सिनेमाचं परीक्षण लिहिणाऱ्या पुष्कळांनी याला खुला शेवट म्हटलं. मला तो अजिबात खुला वाटत नाही. उखाणा नाही, राव नाही, पंत नाही, भोवती बायका नाहीत, कुणी आग्रह केलेला नाही. तिनं नाव घेतलं.

मावशी तो सिनेमा विसरल्या असतील असं मला वाटलं होतं. पण आठवड्यानं, भांडी विसळून झाल्यावर पदराला हात पुसत त्यांनीच विचारलं, "त्या बाईचं पुढं काय झालं ताई? लग्न केलं का त्यानं?" मी सांगायला लागले आणि मधेच थांबले. म्हटलं, बघा तुम्हीच, पाच मिनिटं आहेत ना? खुर्ची ओढून दिली, लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, इयरफोन काढून आवाज मोठा केला. शेवटची काही मिनिटं लावली. आधीचं थोडक्यात सांगितलं: ती त्याला सर म्हणायची, काम सोडून गेली, तोही गेला, आता फोन आलाय. त्या बघत राहिल्या. गच्ची आली, वारा आला, फोन वाजला. तो एक शब्द झाला आणि पडदा काळा झाला.

"एवढंच?" मावशी म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "पुन्हा लावा." मी पुन्हा लावलं. या खेपेला त्या पडद्याकडे न बघता खाली बघत ऐकत होत्या. शब्द आला तशी त्यांनी मान वर केली आणि तोंडावर पदर धरून हसल्या, लहान मुलीसारख्या. "नाव घेतलं की हो तिनं!" मी म्हटलं, "तुमचा उखाणा आठवतो का मावशी?" वयानं त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान आहेत. त्यांचा नवरा बरीच वर्षं झाली गेला, एवढंच मला माहीत होतं. त्यांनी 'काय हो ताई' म्हणून हात उडवला. ओट्याकडे वळल्या, फडकं घडी करून नळावर टाकलं, ते सारखं केलं, पुन्हा सारखं केलं. मग पाठमोऱ्याच राहून त्यांनी तो उखाणा म्हटला, चार ओळींचा, भराभर, जसा पाठ करून घेतला असेल तसा. नावापाशी आल्या तेव्हा आवाज एकदम खाली गेला. मला ते नाव नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

बाहेर पाऊस थोडा उणावला होता. त्या छत्री घ्यायला दाराशी गेल्या, आणि तेव्हा माझं त्या खुर्चीकडे लक्ष गेलं. ओढून दिली होती तशीच ती होती. दोन्ही वेळा, शेवटपर्यंत, मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्याच होत्या.